सोफा बसून नव्हे, उठून पाहावा

मागच्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास आम्ही पुण्यातल्या आमच्या घराची बैठकीची खोली नव्याने मांडली. तीन जणांचा एक सोफा, चंदीगढ पद्धतीच्या दोन सागवानी खुर्च्या आणि सासूबाईंच्या खोलीसाठी वाकवलेल्या लाकडाची एक आरामखुर्ची, एवढे सामान घेतले. आता एक कडक उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा, गौरी-गणपती, दिवाळी आणि हळदीकुंकू असे सगळे या सामानाने पाहिले आहे, त्यामुळे त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. दुकानात पाच मिनिटे बसून झालेले मत आणि त्याच आसनावर वर्षभर संध्याकाळ काढून झालेले मत यांत किती अंतर पडते, हे मला या वर्षात चांगलेच कळले.

आमच्या घरात बसणारी माणसे चार आणि चौघांच्या बसण्याच्या तऱ्हा चार. सासूबाई ७६ वर्षांच्या, त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. माझी उंची पाच फूट एक इंच, ह्यांची पाच फूट अकरा. मुलगी कॉलेजात जाते आणि पाय खाली सोडून ती सोफ्यावर कधी बसल्याचे मला आठवत नाही. एकाच आसनाने या चौघांना सांभाळायचे, ही अपेक्षा मोठी आहे खरी, पण घरचा सोफा घेताना तीच अपेक्षा रास्त आहे. हॉटेलातल्या प्रतीक्षालयाचा सोफा वेगळा आणि घरचा वेगळा.

आम्ही पाहिलेल्या पहिल्याच दुकानात एक अतिशय देखणा सोफा होता. फिकट मातकट रंग, गोलसर कडा, पाय दिसणार नाहीत असा जमिनीला टेकलेला तळ. बैठक जमिनीपासून पंधरा इंचांवर आणि तिची पुढून मागेपर्यंतची खोली सव्वीस इंच. सासूबाई त्यावर बसल्या, मागे टेकल्या, हात फिरवून कापड पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, बसायला छान आहे गं, पण मला यातून उठवायला रोज कोण येणार?" त्यांना उठवायला खरोखरच ह्यांना हात द्यावा लागला. त्या एका वाक्याने आमची सगळी खरेदी बदलली. त्यानंतर प्रत्येक दुकानात आम्ही आधी उठून पाहिले आणि मग बसण्याचा विचार केला.

उठण्याची क्रिया आपण इतक्या सवयीने करतो की तिच्याकडे लक्ष जात नाही. माणूस आधी आसनाच्या कडेकडे सरकतो, टाचा गुडघ्यांच्या मागे ओढून घेतो, धड पुढे झुकवतो आणि हातांनी रेटा देऊन वर येतो. म्हणजे आसनाला तीन गोष्टी असाव्या लागतात. बैठक फार खाली नको. साधारण सतरा इंचांच्या आसपासची उंची बहुतेक मोठ्या माणसांना झेपते. आसनाच्या खाली मोकळी जागा हवी, नाहीतर टाचा मागे जातच नाहीत. जमिनीला टेकलेल्या तळाचा सोफा नेमका इथे नडतो आणि ही गोष्ट विक्रेते कधीच सांगत नाहीत. तिसरे म्हणजे हात ठेवायची बाजू घट्ट आणि पुढपर्यंत आलेली हवी. उशीसारखे मऊ, फुगलेले हात दिसायला सुंदर असतात, परंतु त्यांच्यावर भार टाकला की ते दबतात आणि तोल जातो.

इथे थोडे विषयांतर करते, कारण ठेंगण्या, खोल सोफ्यांवर सरसकट टीका करणे मला अन्यायाचे वाटते. सध्या पुण्या-मुंबईच्या दुकानांत जे ठेंगणे, गुबगुबीत सोफे दिसतात, त्यांचे मूळ बरेचसे १९७०च्या दशकातल्या युरोपीय घडणीत आहे. मारिओ बेल्लिनी यांचा 'कामालेओन्दा' १९७० सालचा आणि मिशेल द्यूकारुआ यांचा 'तोगो' १९७३ सालचा. 'तोगो'ला तर लाकडी सांगाडाच नाही. तो नुसत्या फोमच्या थरांवर उभा आहे आणि त्याची बैठक जमिनीपासून जेमतेम ३८ सेंटिमीटर आहे. हे पाहिले की आपल्या जुन्या वाड्यांतली गादी, लोड आणि तक्के आठवतात. मांडी घालून बसणाऱ्याला खोल आसन परके वाटत नाही. उलट वीस इंच खोलीच्या सोफ्यावर मांडी घालता येत नाही म्हणून आपल्याकडची कितीतरी माणसे अवघडून बसतात. फरक एवढाच की जमिनीवरच्या बैठकीतून उठण्याची आपली एक वेगळी रीत आहे: हात जमिनीला टेकायचा, एका अंगावर वळायचे, गुडघा उभा करायचा आणि वर यायचे. पंधरा इंचांच्या मऊ आसनावरून ना ती रीत चालते, ना खुर्चीवरून उठण्याची. त्या मधल्या उंचीवर गुडघे दुखणाऱ्या माणसाची फार पंचाईत होते.

आता खुर्च्यांकडे वळते, कारण आमच्या खोलीत सर्वांत जास्त विचारणा त्यांच्याविषयी होते. सागवानी सांगाडा, वेताने विणलेली बैठक व पाठ आणि कंपासचे दोन पाय उघडावेत तसे दोन्ही बाजूंचे पाय, हे रूप आता बऱ्याच जणांच्या ओळखीचे झाले आहे. ते मूळचे चंदीगढचे. चंदीगढचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ प्येर जान्नरे १९५१ साली नव्या राजधानीच्या कामासाठी भारतात आले आणि १९६५पर्यंत इथेच राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, सरकारी निवासस्थाने या सगळ्यांसाठी हजारोंनी टेबले-खुर्च्या लागणार होत्या. त्या स्थानिक सुतारांना करता येतील, इथल्या लाकडात आणि इथल्या वेतात होतील, उन्हाळ्यात पाठीला वारा लागू देतील आणि वाळवीला दाद देणार नाहीत, अशा विचाराने त्यांची घडण झाली. यूली चौधरी यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदांचाही त्या कामात वाटा होता. पुढे हेच सामान जुनाट ठरून गच्च्यांवर आणि अडगळीत पडले, भंगाराच्या भावाने लिलावात गेले, परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलून दुरुस्त केले आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्याला लाखांच्या बोली लागू लागल्या. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर निर्बंध घातले. जान्नरे १९६७ साली वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी चंदीगढच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. इतकी माया ज्याने या जागेवर केली, त्याच्या खुर्चीची ओळख आपल्याला बाहेरच्या लिलावांमुळे व्हावी याची मला मनापासून खंत वाटते.

आमच्या खुर्च्या अर्थातच मूळच्या नाहीत. त्या धर्तीवर नव्याने केलेल्या आहेत आणि एका लहान कारखान्यातून प्रत्येकी २८,५०० रुपयांना घेतलेल्या आहेत. अशा खुर्च्या आज पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत मिळतात आणि छायाचित्रात सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून फरक कुठे पाहायचा ते सांगते. खुर्ची उलटी करावी. बैठकीच्या चौकटीला खालून ओळीने भोके दिसली आणि त्यांतून वेताच्या पट्ट्या ओवून गाठी मारलेल्या दिसल्या, तर वेत हाताने विणलेला आहे. भोके नसतील आणि कडेने एक खाच व त्यात ठोकलेली पट्टी दिसली, तर यंत्रावर विणलेली तयार जाळी कापून गोंदाने बसवलेली आहे. तयार जाळी वाईट असते असे मी म्हणणार नाही, पण ती खाचेतून सुटली की संपूर्ण बदलावी लागते. हाताने विणलेल्या जाळीत एखादी पट्टी तुटली तर कसबी विणकर तेवढीच बदलून देऊ शकतो. पूर्वी बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत वेताच्या खुर्च्या होत्या तेव्हा हे विणकर सहज भेटत, त्यांत अंध कारागीरही पुष्कळ असत. आता शोधावे लागतात, तेव्हा खुर्ची विकणाऱ्यालाच "वेत तुटला तर विणून कोण देईल?" असे आधी विचारून घ्यावे.

आमच्या खुर्च्यांचे वेतकाम हाताचे आहे आणि ते उत्तम आहे. अष्टकोनी घरांची ओळ कुठेही वाकडी नाही, बोटाने दाबले की जाळी हलकेच दबते आणि परत येते. सांधे खिळ्यांचे नाहीत. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून पक्के केले आहे. वर्षभरात एकही सांधा करकरलेला नाही. मी पाच फूट एक इंचाची असल्याने टेकून बसले की पुढची लाकडी पट्टी गुडघ्यांच्या मागे लागते. पाठीशी एक पातळ उशी घेतली की प्रश्न सुटतो. ह्यांना उशी लागत नाही. हात मात्र सर्वांनाच आवडतात: रुंद, सपाट, चहाची कपबशी बिनधास्त ठेवावी असे, आणि उठताना तळहाताला पुरेपूर आधार देणारे. खाली सगळे मोकळे असल्याने टाचा हव्या तितक्या मागे जातात, म्हणून बैठक काहीशी ठेंगणी असूनही सासूबाई हळूहळू का होईना, स्वतःच्या स्वतः उठतात.

दोष सांगायलाच हवेत. एका खुर्चीच्या मागच्या पायाला आतल्या अंगाने फिकट पिवळसर पट्टा आहे. सागाच्या खोडाचा गाभा गडद आणि टणक असतो, कीड त्याला सहसा धरत नाही. बाहेरचा पांढरा भाग मात्र किडीला बळी पडतो. तो पट्टा वरून रंगाचा हात मारून झाकला होता, खालून कोरा राहिला म्हणून माझ्या लक्षात आला, तोही चार महिन्यांनी. अजून कीड दिसलेली नाही, तरी दर दोन महिन्यांनी मी खुर्ची आडवी करून तिथे भुकटी सांडते आहे का ते पाहते. एवढ्या किमतीत हे पाहावे लागू नये.

पावसाळ्यात वेत सैलावला. जुलैच्या अखेरीस दोन्ही बैठकी बोटभर खाली आल्या आणि बाल्कनीच्या दाराजवळच्या खुर्चीला खालच्या बाजूने बुरशीचे करडे ठिपके दिसले. बुरशी कोरड्या फडक्याने पुसून सकाळच्या कोवळ्या उन्हात खुर्ची ठेवल्यावर गेली. सैलपणावरचा जुना उपाय असा की पाऊस सरल्यावर खुर्ची उलटी करून जाळीला खालून ओले फडके लावायचे, ती चांगली भिजू द्यायची आणि सावलीत दोन दिवस कोणालाही तिच्यावर बसू द्यायचे नाही. वेत सुकताना आक्रसतो आणि ताण परत येतो. ऑक्टोबरात आम्ही तसे केले आणि जाळी पुन्हा ढोलकीसारखी ताठ झाली. ज्यांना एवढी उठाठेव करायची इच्छा नाही किंवा ज्यांचे घर समुद्राजवळ आहे, त्यांनी वेताच्या खुर्चीचा मोह धरू नये हे माझे स्पष्ट मत आहे.

सोफ्याची गोष्ट निराळी. तो एका नामवंत बाजारपेठेतल्या दुकानातून १,१५,००० रुपयांना करून घेतला. पहिल्या दुकानातल्या देखण्या सोफ्याच्या धर्तीवरच, पण आमच्या मापांनी: खोली चोवीस इंच, हात अरुंद आणि आतून लाकडी, तळ जमिनीपासून वर. सांगाडा पक्क्या लाकडाचा आणि प्लायवूडचा आहे, हे आम्ही कापड चढवण्याआधी जाऊन पाहिले. सोफा करून घेत असाल तर ही एक फेरी चुकवू नये, कारण कापड चढल्यावर आत पॅकिंगच्या पेट्यांचे लाकूड आहे की काय हे कोणालाही सांगता येत नाही.

बैठकीखाली लोखंडी झिगझॅग स्प्रिंगा घ्यायच्या की ताणलेले लवचीक पट्टे, असा प्रश्न दुकानदाराने विचारला होता. पट्ट्यांना आपल्याकडे उगीचच कमी लेखले जाते. इटलीत मार्को झानुसो यांनी १९५१ साली 'लेडी' ही आरामखुर्ची केली, तिच्यात पिरेली या टायर करणाऱ्या कंपनीचे रबरी पट्टे आणि फोम वापरले होते आणि तिथून आधुनिक सोफ्याची अंगकाठी सडपातळ झाली, स्प्रिंगांचे जाड थर मागे पडले. चांगल्या प्रतीचे, एकमेकांत विणून जवळ जवळ ठोकलेले पट्टे अनेक वर्षे टिकतात. आम्ही पट्टेच घेतले आणि त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती फोमविषयी. आम्हाला ४० डेन्सिटीचा फोम सांगितला होता आणि पावतीवरही तसे लिहिले होते. आठ महिन्यांत मधल्या बैठकीला खळगा पडला. मी उशीची चेन उघडून फोमचा तुकडा बाहेर काढला आणि मोजला: साठ सेंटिमीटर लांब, साठ रुंद, साडेबारा जाड. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन, एवढे साधे गणित आहे. या मापाच्या तुकड्याचे घनफळ ०.०४५ घनमीटर होते, म्हणजे ४० डेन्सिटीचा असता तर तो १ किलो ८०० ग्रॅम भरायला हवा. काट्यावर तो १ किलो ४५० ग्रॅम भरला. म्हणजे आम्हाला ३२ डेन्सिटीचा फोम मिळाला होता, जो पाठीच्या उशीला चालतो, परंतु रोजच्या बैठकीला पुरत नाही. हा हिशेब कागदावर मांडून दुकानात दाखवला तेव्हा वाद न घालता त्यांनी तिन्ही बैठकींचे फोम बदलून दिले, त्याला तीन आठवडे लागले. बदलून दिले याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देईन. मुळात तसे द्यावेच लागू नये, हेही तितकेच खरे. सोफा घरी आल्याच्या पहिल्या दिवशी उशीची चेन उघडावी, फोम काट्यावर ठेवावा आणि मगच उरलेले पैसे द्यावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगते. एक लक्षात ठेवावे की डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो, म्हणून हाताने दाबून डेन्सिटी कळत नाही.

सोफ्याची उंची आम्ही चुकवलीच होती. कागदावर सतरा इंच होती, पण माणूस बसल्यावर फोम दोन इंच दबतो हे कोणी धरले नव्हते. सुदैवाने पाय पेचांचे होते. दोन इंची पाय काढून चार इंची लावले, खर्च ६०० रुपये आला आणि सासूबाईंचा प्रश्न त्या दिवशी मिटला. शिवाय खाली केरसुणी फिरू लागली. सोफ्याची उंची विचारताना माणूस बसलेला असतानाची उंची विचारावी, किंवा बसून स्वतः मोजावी.

कापडाबद्दल थोडक्यात सांगते. सध्या कुरळ्या लोकरीसारखे दिसणारे, गाठीगाठींचे पांढरे कापड फार चालते. पुण्याच्या धुळीत ते कसे टिकेल याचा विचार करून आम्ही दाट विणीचे, मळखाऊ रंगाचे मिश्र सुती कापड घेतले आणि त्याचे समाधान आहे. उशीला चेन आहे म्हणून आवरण धुता येते असे समजू नये. चेन बऱ्याचदा फक्त फोम आत घालण्यासाठी असते आणि धुतलेले आवरण आटून पुन्हा चढत नाही.

सासूबाईंच्या खोलीतल्या आरामखुर्चीविषयी फारसे लिहावे लागणार नाही, कारण तिने काही त्रासच दिला नाही. ती 'पोएंग', नवी मुंबईत तुर्भ्याच्या आयकियातून आणलेली. नोबोरू नाकामुरा या जपानी रचनाकाराने १९७६ साली ती केली. बर्च लाकडाच्या पातळ थरांना गोंदाने चिकटवून साच्यात वाकवलेल्या पट्ट्यांवर सगळी बैठक तोललेली आहे, मागे पाय नाहीत, त्यामुळे बसले की ती हलकेच झुलते. बैठक सुमारे ४२ सेंटिमीटरवर येते, हात लाकडी आणि लांब आहेत, पाठ डोक्यापर्यंत उंच आहे. सासूबाई दुपारी पोथी घेऊन तीत बसतात, झुलता झुलता डोळा लागतो आणि जाग आली की दोन्ही हातांवर भार देऊन उठतात. चंदीगढी खुर्चीच्या सौंदर्यापुढे ती साधी वाटेल, परंतु उठण्याच्या कसोटीवर आमच्या घरात पहिला क्रमांक तिचाच लागतो.

सामान आणताना लिफ्टचे दार आणि जिन्याचे वळण आधी मोजा, एवढेच सांगते. आमचा सोफा दोन भागांत केलेला होता म्हणून वर आला.

आता राहिली एक उणीव. पाहुणे आले की सासूबाईंना बैठकीच्या खोलीत सर्वांबरोबर बसायचे असते आणि तिथे त्यांच्या मनासारखी खुर्ची अजून नाही; सोफ्यावरून उठता येते, पण कडेला बसावे लागते. म्हणून त्याच कारखान्यात तिसरी चंदीगढी खुर्ची सांगितली आहे. बैठक दीड इंच उंच, खोली एक इंच कमी, पाठ थोडी अधिक उभी आणि लाकडात पांढरा भाग अजिबात नको, असे पावतीवर लिहून घेतले आहे. सांगाडा परवा पाहून आले, चारही पाय उलटेसुलटे करून तपासले, सगळीकडे गडद गाभाच आहे. वेत विणायला विणकर पुढच्या आठवड्यात बसणार आहे आणि सासूबाईंना ते काम पाहायला घेऊन या, असा त्याने आठवणीने निरोप दिला आहे.